पाळीव मांजराचे किरकोळ त्वचाविकार : उपचारापूर्वी कारणाचा शोध

मांजर माणसाच्या घरात हजारो वर्षे राहत आले, तरी आपले दुखणे लपवण्याची त्याची सवय सुटलेली नाही. पोट दुखले तर ते कोपऱ्यात जाऊन बसते, दात दुखला तर मुकाट्याने कमी खाते. त्वचेचे दुखणे मात्र त्याला लपवता येत नाही. मानेवर हाताला बारीक खपल्या लागतात, कानाच्या कडेचे केस विरळ होतात, पोटाखालची लव गेलेली दिसते आणि घरातील मंडळींचे लक्ष जाते. मग पहिला प्रश्न निघतो, "याला काय लावावे?" प्रस्तुत लेखाचे म्हणणे एवढेच आहे की हा प्रश्न क्रमाने दुसरा आहे. "हे कशामुळे झाले?" हा प्रश्न त्याच्या आधी येतो, आणि त्याचे उत्तर मिळेपर्यंत हात आवरून धरणे हा मांजराच्या बाबतीत उपचाराचाच एक भाग आहे.

या स्मरणिकेच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी मांजर असेल. वसतिगृहाच्या स्वयंपाकघराभोवती वावरणारी मांजरे तर निवासी शाळेत राहिलेल्या प्रत्येकाच्या ओळखीची असतात. मुले त्यांना मांडीवर घेतात, पांघरुणात घेतात. त्यामुळे मांजराच्या अंगावरील एक चट्टा हा केवळ मांजराचा प्रश्न राहत नाही. मुलाच्या हातावर नायटा उठला की दोष मांजरावर येतो, आणि पुष्कळदा कोणतीही तपासणी न होता ते गोणपाटात घालून दूरच्या बाजारात सोडले जाते. उलट बाजूने, मायेपोटी लावलेल्या एखाद्या मलमाने मांजराचा जीव जातो. दोन्ही अनर्थांचे मूळ एकच : कारण न पाहता केलेली घाई.

लक्षणे थोडी, कारणे अनेक

त्वचेजवळ आपली तक्रार सांगण्याचे मार्ग मोजके आहेत. खाज, केस जाणे, खपल्या, कोंडा, पुटकुळ्या, ओल सुटणे. बहुतेक सर्व विकार याच मोजक्या लक्षणांतून प्रकट होतात. त्यामुळे एकाच रूपामागे पाच-सहा निरनिराळी कारणे असू शकतात.

याचे उत्तम उदाहरण म्हणजे पाठीवर आणि मानेवर येणारे बारीक खपल्यांचे पुरळ. डोळ्यांना ते फारसे दिसत नाही; केसांतून उलटा हात फिरवला की बाजरीचे दाणे लागावेत तसे लागते. पाश्चात्त्य वैद्यकात या पुरळाला दिलेले 'मिलिअरी' हे नावही धान्याच्या दाण्यावरूनच आले आहे. परंतु हे रोगाचे नाव नाही, केवळ रूपाचे वर्णन आहे. पिसवांच्या लाळेची ॲलर्जी, अन्नाची ॲलर्जी, परागकण किंवा घरातील धूळ यांची ॲलर्जी, अंगावरचे सूक्ष्म किडे, बुरशी, जिवाणू यांपैकी कशानेही ते उठू शकते.

ॲलर्जीने त्रस्त झालेल्या मांजरात आणखी तीन रूपे दिसतात. काही मांजरे पोट, मांड्या आणि कुशी चाटून चाटून तिथले केस संपवतात. काही डोके आणि मान खाजवून जखमा करतात. काहींच्या वरच्या ओठावर खोलगट व्रण पडतो किंवा मांडीच्या आतील बाजूस लाल, उंचवट्याचे, ओले चट्टे येतात. या चारही रूपांमागे तीच कारणे असू शकतात. म्हणून "असे दिसते, म्हणून हे औषध" हा हिशेब मांजराच्या बाबतीत वारंवार चुकतो.

शोधाचे पहिले साधन : नोंदवही

पशुवैद्याला मांजर दिवसातून दहा मिनिटे दिसते. घरच्यांना ते चोवीस तास दिसते. तेव्हा निदानाचा मोठा भाग घरातच घडतो. एका वहीत पुढील गोष्टी लिहून ठेवाव्यात.

१. त्रास कधी सुरू झाला आणि तेव्हा मांजराचे वय काय होते? पिल्लांत किडे आणि बुरशी यांचा संभव अधिक असतो.

२. आधी खाज आली की आधी केस गेले? खाज नसता केस गेले असतील तर शोधाची दिशा बदलते.

३. वर्षातील ठरावीक दिवसांतच त्रास वाढतो का, की तो बारमाही आहे? पावसाळ्यातील दमट उबेत पिसवा फोफावतात, तर अन्नाची ॲलर्जी ऋतू पाहत नाही.

४. घरातील इतर प्राणी खाजवतात का? माणसांच्या पायांना, विशेषतः घोट्यांजवळ, चावे दिसतात का? कोणाच्या अंगावर गोल चट्टा आहे का?

५. मांजर बाहेर जाते का, कोठे झोपते, शेजारी कोण काय खाऊ घालते?

६. गेल्या दोन-तीन महिन्यांत अन्न, बिछाना, फरशी पुसण्याचे द्रव, घर किंवा घरातील माणसे यांत कोणता बदल झाला?

७. आजवर काय काय लावले व पाजले, आणि त्याने काय घडले?

सातव्या प्रश्नाचे उत्तर संकोच न ठेवता द्यावे. आधी लावलेले मलम तपासणीचा निकाल फिरवू शकते. उपचाराने "थोडे बरे वाटले" हीदेखील पशुवैद्यासाठी मोलाची माहिती असते.

जागा काय सांगते

नोंदवहीत मांजराची एक साधी आकृती काढून त्रासाच्या जागा रंगवाव्यात. जागेवरून निवाडा होत नाही, पण संशयाची दिशा निश्चित होते.

शेपटीचे मूळ, कंबर आणि मांड्यांची मागील बाजू : प्रथम पिसवांचा संशय घ्यावा.

कानाच्या आत कॉफीच्या भुकटीसारखा काळपट मळ, आणि मांजर सतत डोके झटकते : कानातील किडे, ज्यांचे शास्त्रीय नाव ओटोडेक्टीस सायनोटिस.

कानाच्या कडेपासून सुरू होऊन तोंडाकडे पसरणाऱ्या जाड, करड्या खपल्या आणि असह्य खाज : मांजराची लूत. नोटोएड्रीस कॅटी हा किडा ती घडवतो. ही एका मांजराकडून दुसऱ्याकडे झपाट्याने जाते, आणि माणसालाही काही काळ खाज सुटू शकते.

तोंड, कान आणि पुढचे पाय यांवर केस तुटलेले, कोंडा धरलेले चट्टे : गजकर्ण, म्हणजे बुरशीचा संसर्ग.

हनुवटीवर काळे ठिपके : तेलग्रंथींची तोंडे तुंबून आलेल्या मुरुमांसारखा विकार. तो बहुधा सौम्य असतो. भांडी रोज स्वच्छ घासणे, ओरखडे पडलेले प्लास्टिकचे भांडे बदलून स्टीलचे ठेवणे एवढ्यानेही काही वेळा फरक पडतो.

पोटाचा खालचा भाग : ॲलर्जी, पण मूत्राशयाच्या दुखण्यामुळेही मांजर हीच जागा चाटत राहते. लघवीला वारंवार बसणे किंवा कुंथणे दिसले तर त्वचेचा विचार बाजूला ठेवावा. बोक्याची लघवी अडली तर तासांचा प्रश्न असतो.

पांढऱ्या मांजराच्या कानांची टोके आणि नाकाचा शेंडा : उन्हाने पोळलेली त्वचा. अशी न भरणारी खपली हलकी समजू नये. वर्षानुवर्षांच्या उन्हाने तेथे कर्करोग होऊ शकतो.

पिसू : न दिसणारा नेहमीचा अपराधी

मांजराच्या अंगावर आढळणारी पिसू टेनोसेफॅलायडीस फेलिस या नावाने ओळखली जाते. नावात मांजर असले तरी कुत्र्यांच्या अंगावरही बहुधा हीच असते. "आमच्या मांजराला पिसवा नाहीत, आम्ही पाहिले आहे" हे वाक्य प्रत्येक पशुवैद्याने ऐकलेले असते. मांजराच्या जिभेवर मागे वळलेले बारीक काटे असतात. ती जीभ म्हणजे जिवंत फणी आहे. खाज सुटलेले मांजर अंगावरची पिसू शोधून गिळून टाकते, म्हणजे पुरावाच नाहीसा करते. ॲलर्जी असलेल्या मांजराला खाज सुटण्यास मोजके चावेही पुरतात. तेव्हा पिसू न दिसणे हा पिसू नसल्याचा पुरावा नव्हे.

त्याऐवजी एक साधी परीक्षा करावी. मांजर पांढऱ्या कागदावर किंवा धोतराच्या ओल्या फडक्यावर उभे करून उवांच्या बारीक फणीने शेपटीच्या मुळाजवळचे केस विंचरावेत. खाली पडलेल्या काळ्या कणांवर पाण्याचा थेंब टाकावा. कण मातीचे असतील तर ते मातकटच राहतात. पिसवांची विष्ठा असेल तर भोवती तांबूस डाग पसरतो, कारण ती पचलेल्या रक्ताची बनलेली असते. शेपटीखाली तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसले तर तोही अप्रत्यक्ष पुरावा होय. ते पट्टकृमीचे तुकडे असतात, आणि हा कृमी पिसू गिळल्यानेच मांजराच्या पोटात जातो.

पिसवांचा उपचार फसतो तो त्यांचे घर न ओळखल्याने. कोणत्याही वेळी मांजराच्या अंगावरील प्रौढ पिसवा त्यांच्या एकूण संख्येच्या सुमारे ५ टक्केच असतात. उरलेली अंडी, अळ्या आणि कोश बिछान्यात, गोधडीत, फरशीच्या फटीत, कपाटाखालच्या धुळीत असतात. कोशातील पिसू काही महिनेही दबा धरून राहू शकते आणि ऊब, हालचाल वा श्वासातील कार्बन डायऑक्साइड यांची चाहूल लागताच बाहेर येते. सुट्टीत बंद राहिलेली खोली उघडताच पायांवर पिसवा उडतात त्या यामुळेच. म्हणून औषध सुरू केल्यावर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यातही नव्या पिसवा दिसल्या तर "औषध चालले नाही" असा निष्कर्ष काढू नये. घरातील प्रत्येक मांजर-कुत्र्याला त्याच्या जातीचे आणि वजनाचे औषध ठरलेल्या अंतराने देणे, अंथरुणे गरम पाण्यात धुणे, फटी झाडून कचरा बाहेर टाकणे हे किमान दोन-तीन महिने चालले पाहिजे. बहुतेक पशुवैद्य पिसवा दिसोत वा न दिसोत, शोधाची ही पहिली पायरी पूर्ण करून घेतात. पिसवांचा बंदोबस्त हा येथे उपचारही असतो आणि परीक्षाही.

गजकर्ण : मांजर, मूल आणि न्याय

मांजरातील गजकर्ण बहुधा मायक्रोस्पोरम कॅनिस या बुरशीमुळे होते. ती माणसाला, विशेषतः मुलांना, लागू शकते. तिचे बीजाणू गळलेल्या केसांत आणि धुळीत वर्षभराहून अधिक काळ तग धरू शकतात. काही मांजरे, त्यातही लांब केसांची, अंगावर ठळक खूण न दिसता बुरशी वाहून नेतात. एवढे वाचून भीती वाटणे स्वाभाविक आहे. म्हणूनच तपासणीची माहिती असणे आवश्यक आहे.

पहिली तपासणी प्रकाशाची. रॉबर्ट वूड या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या दिव्याचे अतिनील किरण १९२५ पासून केसांतील बुरशी हुडकण्यासाठी वापरले जात आहेत. अंधाऱ्या खोलीत या दिव्याखाली बाधित केस हिरवट चमकतात. मात्र प्रत्येक संसर्गात चमक दिसतेच असे नाही, आणि काही मलमे व कोंडाही चमकतात. म्हणून चमकणारे केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. दुसरी तपासणी संवर्धनाची. कोरा टूथब्रश मांजराच्या अंगावरून फिरवून त्यावर आलेले केस व कोंडा पोषक माध्यमावर वाढवतात. निकालास दोन-तीन आठवडे लागू शकतात. मुंबई, नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. गावाकडील वाचकांनी तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नमुना कोठे पाठवता येईल याची चौकशी करावी.

निकाल येईपर्यंत मांजराला घालवून देण्याचे कारण नाही. त्याला एका धुता येण्याजोग्या खोलीत ठेवावे, लहान मुलांनी काही दिवस त्याला कवटाळू नये, हाताळल्यावर हात साबणाने धुवावेत, केस रोज झाडून गोळा करावेत. येथे न्यायाचाही एक मुद्दा आहे. आपल्याकडे माणसांत आढळणारा नायटा बहुतांशी माणसाकडून माणसाकडे जाणाऱ्या बुरशीचा असतो. ओले कपडे, सामाईक टॉवेल आणि दाटीची झोपण्याची जागा त्याला पुरेशी असते. वसतिगृहातील दहा मुलांच्या कमरेला नायटा आणि दारातील मांजराची त्वचा स्वच्छ, असे चित्र असेल तर मांजराला हाकलून काहीही साधणार नाही. मुलांना त्वचारोगतज्ज्ञांकडे आणि मांजराला पशुवैद्याकडे न्यावे, आणि दोन्हीकडचे निष्कर्ष एकमेकांसमोर ठेवावेत.

चाटण्याला 'मनाचे दुखणे' म्हणण्यापूर्वी

पोटावरचे केस गेले, पुरळ नाही, जखम नाही. अशा मांजराला "एकटेपणाने चाटते" असे म्हणण्याची प्रथा आहे. प्रथम ते खरेच चाटते का, हे पाहावे. मांजरे पुष्कळदा एकांतात चाटतात, आणि मालकाला केस आपोआप गळाल्यासारखे वाटतात. काही केस उपटून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले की उलगडा होतो. टोके निमुळती असतील तर केस गळत आहेत. टोके तुटलेली असतील तर जीभ काम करीत आहे.

जीभ काम करीत असली तरी मनावर बोट ठेवण्याची घाई नको. २००६ साली अमेरिकन पशुवैद्यक संघटनेच्या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध झाला. चाटण्याचे कारण मानसिक असावे असे गृहीत धरलेल्या २१ मांजरांची त्यात पद्धतशीर तपासणी झाली. १६ मांजरांत कारण शारीरिक निघाले, ३ मांजरांत शारीरिक व मानसिक दोन्ही, आणि निव्वळ मानसिक कारण केवळ २ मांजरांत आढळले. नवे बाळ, नवे मांजर, घर बदलणे यांचा मांजराच्या मनावर ताण येतो हे खरेच आहे. पण तो निष्कर्ष बाकीची दारे तपासून झाल्यावर काढायचा असतो.

अन्नाची परीक्षा : धीराचे काम

पिसवा, किडे आणि बुरशी यांचा निकाल लागूनही बारमाही खाज उरली तर अन्नाचा विचार येतो. मांजरांत गोमांस, मासे आणि कोंबडी ही अन्नाच्या ॲलर्जीची वारंवार आढळणारी कारणे आहेत. रक्ताच्या चाचणीवर यासाठी विसंबता येत नाही. खरी परीक्षा ताटातच होते. मांजराने पूर्वी कधीही न खाल्लेल्या एकाच मांसाचा आहार, किंवा प्रथिनांचे बारीक तुकडे केलेला पशुवैद्याने सुचवलेला विशेष आहार, सलग आठ आठवडे द्यायचा. अन्नाची ॲलर्जी असलेल्या मांजरांपैकी ९० टक्क्यांहून अधिक एवढ्या अवधीत सुधारतात. त्यानंतर जुने अन्न पुन्हा सुरू करायचे. खाज परतली, आणि ती बहुधा दोन आठवड्यांत परतते, तरच निदान पक्के. ही शेवटची पायरी गाळली तर सुधारणा अन्नामुळे झाली की ऋतू बदलल्याने, हे कळत नाही.

अडचण शास्त्रात नसून आळीत असते. आठ आठवडे नियम पाळणाऱ्या घराच्या मागील दारी शेजारच्या आजी मायेने सुकटीचे डोके ठेवतात, आणि परीक्षा तेथेच संपते. शेजाऱ्यांना आधी विश्वासात घ्यावे. घरी शिजवलेल्या मांसात कांदा, लसूण, मीठ, मसाला काही नको. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशींना घातक आहेत. नुसते उकडलेले मांस हा परिपूर्ण आहारही नव्हे. मांजराला टॉरिनसारख्या घटकांची गरज असते, म्हणून हा प्रयोग, विशेषतः वाढत्या पिल्लावर, पशुवैद्याच्या सल्ल्याशिवाय करू नये.

काय लावू नये

मांजराच्या अंगाला लावलेले प्रत्येक औषध शेवटी त्याच्या पोटात जाते, कारण ते चाटले जाते. शिवाय फिनॉलसारख्या पदार्थांना निष्प्रभ करण्याची यकृताची जी क्रिया माणसात व कुत्र्यात चालते, ती मांजरात फार क्षीण असते. या दोन गोष्टी ध्यानात ठेवल्या की पुढील यादीचे मर्म समजेल.

परमेथ्रिन : माणसांच्या खरजेवर दिले जाणारे ५ टक्क्यांचे मलम आणि कुत्र्यांच्या मानेवर टाकण्याचे कित्येक थेंब यांत हे द्रव्य असते. निवासी शाळा असलेल्या गावात खरजेचे मलम घरोघर असते, आणि "मुलाची खरूज गेली, मांजराचीही जाईल" असे वाटणे सहज शक्य आहे. मांजराला याने थरथर, झटके येऊन मृत्यू येऊ शकतो. नुकतेच औषध लावलेल्या कुत्र्याला बिलगून झोपणेही धोक्याचे ठरते. चुकून लागलेच तर कोमट पाणी व सौम्य साबणाने अंग धुऊन, मांजराला थंडी वाजू न देता, त्याच क्षणी पशुवैद्याकडे न्यावे.

पाण्यात टाकताच पांढरी होणारी जंतुनाशके आणि फरशीचे फिनाइल : ही जखमेवर किंवा आंघोळीच्या पाण्यात वापरू नयेत. रॉकेल, टी ट्री तेल आणि इतर तीव्र सुगंधी तेलेही वर्ज्य.

पॅरासिटामॉल : अंग दुखत असेल म्हणून दिलेली एक गोळी मांजराचा प्राण घेण्यास पुरेशी आहे.

स्टेरॉइड, बुरशीनाशक आणि प्रतिजैविक एकत्र असलेली मलमे : औषधाच्या दुकानात ही सहज मागितली जातात. स्टेरॉइडने कोणतीही खाज काही दिवस शमते, म्हणून कारण झाकले जाते. कारण बुरशी असेल तर ती आत पसरत राहते. पशुवैद्यही स्टेरॉइड वापरतात, पण बुरशी नाही याची खात्री करून आणि मुदत ठरवून.

एक नमुना : शोध कसा चालतो

समजा, तीन वर्षांच्या मांजरीला श्रावणात कमरेवर व मानेवर बारीक खपल्या आल्या. घरातील माणसांना काही नाही. डोळ्यांना पिसू दिसली नाही, पण ओल्या फडक्यावर तांबूस डाग उमटला. त्वचा खरवडून पाहिली, किडे नाहीत; केस तपासले, बुरशी नाही. दोन महिने पिसवांचा कसून बंदोबस्त केल्यावर कंबर स्वच्छ झाली, पण मानेवरील खाज निम्मीच उतरली. येथे दोन सोपे पण चुकीचे मार्ग समोर येतात : "पिसू हे कारण नव्हतेच" म्हणणे, किंवा "निम्मी तरी गेली" म्हणून थांबणे. वास्तविक खाजेची कारणे एकावर एक साचतात. एकट्याने न जाणवणारी दोन कारणे एकत्र आली की सहनशक्तीची घागर भरून वाहू लागते. पिसवा गेल्याने घागर रिती होऊ लागली, पण पुरती झाली नाही. म्हणून पिसवांचा बंदोबस्त चालू ठेवून अन्नाची परीक्षा घेतली. सातव्या आठवड्यात मान भरून आली, आणि मासे पुन्हा सुरू करताच पाचव्या दिवशी खाजवणे परतले. कारणे दोन होती, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलल्यामुळेच दोन्ही सापडली. औषध, आहार आणि साबण एकाच दिवशी बदलले असते तर मांजर कदाचित बरे झाले असते, पण कशाने, हे कोणालाच सांगता आले नसते. पुढच्या श्रावणात शोध पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला असता.

अन्नाच्या परीक्षेनंतरही उत्तर सापडले नाही तर हवेतील व घरातील घटकांच्या ॲलर्जीचा विचार होतो. तिचे निदान इतर कारणे वगळूनच करावे लागते; ती नाहीशी होत नाही, पण औषधांनी ताब्यात ठेवता येते.

केव्हा थांबू नये

मांजर खात आहे, खेळत आहे आणि चट्टा लहान आहे, तोवर आठवडाभर नीट पाहणी करण्यास हरकत नाही. पण पिल्लू आजारी असेल, चट्टे झपाट्याने पसरत असतील, पू वा दुर्गंधी असेल, व्रण भरत नसेल, घरात कोणाच्या अंगावर चट्टे उठले असतील, किंवा मांजराने दिवसभराहून अधिक काळ अन्न सोडले असेल, तर वही हातात घेऊन थेट दवाखाना गाठावा. उपाशी मांजराचे यकृत लवकर बिघडते. तपासणीच्या धांदलीत मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुवावी आणि रेबीजच्या लसीबाबत डॉक्टरांना त्याच दिवशी विचारावे.

मुलांना विज्ञान शिकवण्यासाठी प्रयोगशाळाच लागते असे नाही. ओल्या फडक्यावर उमटलेला तांबूस डाग, वहीतील रंगवलेली आकृती, आठ आठवडे पाळलेला आहाराचा नियम, एका वेळी एकच बदल करण्याची शिस्त. यांतून निरीक्षण, अनुमान आणि पडताळणी यांचा संपूर्ण पाठ घरच्या अंगणात गिरवता येतो. घरात मांजर असेल तर नोंदवही मुलाच्या हाती द्यावी आणि आठवड्यातून एकदा ती त्याच्यासोबत वाचावी. मांजराला आपली तक्रार शब्दांत मांडता येत नाही. ती त्याच्या त्वचेवरून नीट वाचून घेणे, आणि वाचून होईपर्यंत त्याला दोषी न ठरवणे, एवढे तरी त्याला आश्रय देणाऱ्याकडून त्याचे येणे आहे.